एनआरई की एफसीएनआर? जहाजावरच्या डॉलरसाठी दोन वाटा

जहाजावर नोकरी असलेल्या घरांतून एक प्रश्न सारखा येतो, आणि रुपया घसरल्याची बातमी आली की हमखास येतो: पगाराचे डॉलर लगेच रुपयात करून एनआरई (अनिवासी भारतीयांची रुपयातली) मुदत ठेव करावी, की डॉलर डॉलरच ठेवून एफसीएनआर (त्यांचीच परकीय चलनातली मुदत ठेव)? माझा भाचा क्रूझवर आहे आणि घरचे सगळे व्यवहार गोव्यात डिचोलीत त्याची बायको बघते. तिने विचारलं तेव्हा दोन्ही बाजू कागदावर मांडून दिल्या. त्याच इथे जरा सविस्तर देतो.

सारखं काय ते आधी उरकू. दोन्ही ठेवी अनिवासींसाठी. मुद्दल आणि व्याज दोन्ही परदेशी परत नेता येतं. अनिवासी आहात तोवर दोन्हींच्या व्याजावर इथे आयकर नाही. वर्षाच्या आत मोडली तर दोन्हींवर व्याज शून्य. ठेव विम्याची ५ लाखांची मर्यादाही दोन्हींना लागू, तीही एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी मिळून.

फरक एकाच जागी, पण तो मोठा. एनआरईत ज्या दिवशी डॉलर रुपयात गेले त्या दिवशी विनिमय दराशी तुमचा संबंध संपला. पुढे रुपया कुठेही जावो, हातात ठरलेले रुपये येणार. एफसीएनआरमध्ये मुद्दल डॉलरात आणि व्याजही डॉलरात. रुपया घसरला तर फायदा तुमचा, वधारला तर तोटाही तुमचाच. म्हणून दोन्हींचे व्याजदर नुसते शेजारी ठेवून ‘इथे जास्त मिळतं’ म्हणण्यात अर्थ नाही.

उदाहरणापुरतं धरू: एनआरईला ७ टक्के, एफसीएनआरला साडेचार टक्के, मुदत ३ वर्षं, ठेव करतानाचा डॉलरचा दर ८५ रुपये, व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळणार. १०,००० डॉलरचे ८,५०,००० रुपये झाले, ते एनआरईत १०,४१,२८७ होतील. एफसीएनआरमध्ये तेच ११,४१२ डॉलर होतील. दोन्ही बरोबरीत यायला डॉलर साधारण ९१ रुपये २५ पैशांवर जायला हवा. त्याच्या वर गेला तर एफसीएनआर सरस, खाली राहिला तर एनआरई. तुमच्या बँकेचे आजचे दर घालून हा हिशेब एकदा स्वतः करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

मग रुपया किती घसरेल? नेमका आकडा कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. रिझर्व्ह बँकेची सवय मात्र ओळखता येते. मार्च १९९३ पासून दर बाजारात ठरतो. तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२४ मध्ये ८५ झाला. सरासरी काढली तर वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास घसरण. पण ती अशी सरळ रेषेत आलेली नाही. २००२ च्या मध्याला ४९ च्या जवळ असलेला डॉलर २००७ अखेर ३९ वर आला होता. त्या काळात डॉलर सांभाळून बसलेल्यांचं नुकसानच झालं. उलट ऑगस्ट २०१३ मध्ये तो ६८ च्या पलीकडे गेला. ऑक्टोबर २०२२ नंतर दोन वर्षं मात्र साधारण ८१ ते ८४ मध्ये जवळजवळ खिळून राहिला. रिझर्व्ह बँक एखादा आकडा धरून बसत नाही. ती धक्के सौम्य करते, आणि घसरायचं असेल तर सावकाश घसरू देते.

चीनसारखा दर धरून का ठेवत नाहीत, असं मला अनेकजण विचारतात. चीनने युआन जुलै २००५ पर्यंत डॉलरला ८.२८ वर रोखून धरला होता, पण तो वर जाऊ नये म्हणून. निर्यातीतून डॉलर येतच होते, युआन देऊन ते विकत घेत राहायचे. आपल्याला उलटं करावं लागेल. कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून जास्त वाटा आयातीचा, वर सोनं. रुपया खाली येऊ द्यायचा नाही म्हटलं तर परकीय चलनाच्या साठ्यातले डॉलर विकावे लागतात, आणि साठ्याला तळ असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ६४२ अब्ज डॉलर असलेला साठा ऑक्टोबर २०२२ पर्यंत ५२५ अब्जांच्या घरात आला. त्यातली काही घट नुसती मूल्यांकनाची होती, म्हणजे डॉलर विकून झालेली नव्हती, तरी अंदाज येतो. चीनच्या धोरणाचीही किंमत होतीच: कारखाने आणि बांधकाम अतोनात, लोकांचा स्वतःचा खर्च कमी. तो तोल अजून पुरता सावरलेला नाही. मुरगाव बंदरातून चीनला खनिज जायचं त्या दिवसांत कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या त्या बेकायदा उत्खननाच्या प्रकरणात. पण २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास असलेला लोहखनिजाचा भाव २०१५ अखेर ४० च्या खाली आला, तो मुख्यतः चीनची भूक मंदावली आणि तेव्हाच ऑस्ट्रेलिया-ब्राझीलचा पुरवठा वाढला म्हणून.

आता माझं मत. जहाजावरच्या माणसाची कमाई आधीच डॉलरात आहे. रुपया घसरला तर पुढच्या प्रत्येक पगाराचे रुपये आपोआप वाढतात. त्यावर बचतही डॉलरातच ठेवली तर सगळा भार एकाच बाजूला जातो. भाच्यासमोर अजून बरीच वर्षं कंत्राटं आहेत, आणि खर्च सगळा इथला: घराचा स्लॅब, मुलीची शाळा, गणेश चवथीचा खर्च. त्याच्या बायकोला मी सरळ एनआरई सांगितली. २०२० मध्ये क्रूझ बंद पडल्या तेव्हा ज्यांच्याकडे रुपयात पैसा होता त्यांचं घर तरी विनिमय दराकडे न बघता चाललं.

मुलाला ३-४ वर्षांत परदेशी शिकायला पाठवायचं असेल तर मात्र तेवढ्या फीपुरती एफसीएनआरच. डॉलरचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा डॉलर करताना दोन्ही वेळा बँकेच्या खरेदी-विक्री दरातला फरक जातो, आणि नेमकं फी भरायच्या वर्षी रुपया आपटला तर तो धोका वेगळाच. इंग्लंडला जायचं असेल तर ठेव पौंडात करा.

नोकरी संपवून कायमचं घरी येणाऱ्यांनाही एफसीएनआर सोयीची. परतल्यावर एनआरई खातं निवासी खात्यात बदलावं लागतं, नाहीतर त्यातला पैसा आरएफसी खात्यात (निवासींचं परकीय चलन खातं) न्यावा लागतो. एफसीएनआर मात्र ठरलेल्या व्याजाने मुदतीपर्यंत चालू राहते, आणि नंतर आरएफसी खात्यात नेली तर डॉलर डॉलरच राहतात. परतल्यावर व्याजावर कर कधीपासून लागतो ते मात्र सीएकडून आधी समजून घ्या.

एक खूण लक्षात ठेवा. एफसीएनआरवर बँकेने जास्तीत जास्त किती व्याज द्यावं याची मर्यादा रिझर्व्ह बँक ठरवते, आणि देशाला डॉलर हवे असले की ती सैल होते. २०१३ मध्ये रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून आले तेव्हा बँकांना या ठेवींसाठी साडेतीन टक्क्यांत विनिमयाचं संरक्षण दिलं गेलं, म्हणजे रुपया घसरला तरी बँकेला फटका नाही, आणि या एकाच वाटेने सुमारे २६ अब्ज डॉलर आले. डिसेंबर २०२४ मध्येही मर्यादा काही महिन्यांसाठी वाढवली होती. अशी बातमी दिसली की एफसीएनआरचे दर दोन-तीन बँकांत विचारून या.

आणि एनआरई करणार असाल तर त्या दिवशीचा टीटी बाइंग दर, म्हणजे परदेशातून आलेले तुमचे डॉलर बँक ज्या दराने घेते तो, विचारा. गूगलवर दिसतो तो दर तुम्हाला मिळत नाही. रक्कम मोठी असेल तर शाखेला फोन करून दर सुधारून मागता येतो, आणि पुष्कळदा मिळतोही.