घरपोच मोकळ्या मुळांची रोपं: नारळ घ्या, सुपारी नको

गुहागर-दापोली पट्ट्यात मे अखेरीपासून टेम्पोने रोपं घरपोच देणारी एक खासगी रोपवाटिका आहे. माती नाही, पिशवी नाही, मुळं मोकळी केलेली रोपं. त्यामुळे एका खेपेत पिशवीतल्या रोपांपेक्षा कितीतरी जास्त माल बसतो आणि भाडं वाटून कमी पडतं. हिशेब चोख आहे, पण तो सगळ्या झाडांना लागू पडत नाही, आणि यांच्या यादीत मात्र सगळीच झाडं आहेत.

थंड मुलखात सफरचंद, पीच, गुलाब असे विकतात ते पानगळ होऊन झाड झोपलेलं असताना. कोकणात ती झोप नाही. इथे मुळं उघडी पडूनही जगतं ते शिदोरी बांधून आलेलं झाड: नारळाच्या रोपाला खालचा नारळ, केळीच्या मुनव्याला, म्हणजे बुडातून फुटलेल्या पिल्लाला, कंद, सागाच्या जडीला, म्हणजे खोड छाटून ठेवलेल्या मुळाच्या तुकड्याला, जाड मूळ. यादी वाचताना आधी हे तपासायचं.

नारळाची रोपं चांगली आहेत, हे सरळ सांगतो. नऊ ते बारा महिन्यांची, पाच-सहा पानांची, बुंध्याशी साधारण दहा सेंटिमीटर घेराची आणि पान लवकर फाटायला लागलेली. ही लक्षणं बघूनच रोप निवडायचं असतं. उपटताना पान धरून ओढलेलं नाही, खालून फावडं घालून उचललंय, हे मुळांच्या सरळ कापावरून कळतं. ओढलं की कोंब आणि नारळ यांचा सांधा आतल्या आत सुटतो. वरून रोप हिरवंगार दिसतं आणि पुढे वाढतच नाही. म्हणून टेम्पोतून उतरवून घेतानाही गड्याला सांगा, हात नारळाला घाल, बुंध्याला नको. तुटलेल्या मुळांची काळजी नको. नारळाला सोटमूळ नसतं, नवी मुळं बुंध्याच्या तळातून फुटतात.

संकरित रोपांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. नारिंगी ठेंगू आई आणि उंच बाप अशा संकराच्या रोपाचं देठ तपकिरी, कांस्यासारखं दिसतं. स्वच्छ नारिंगी देठ म्हणजे संकर झालाच नाही, रोप निव्वळ ठेंगू. यांच्या संकरित गठ्ठ्यात अशी नारिंगी देठाची रोपं मिसळलेली होती आणि दर सगळ्यांना संकरिताचाच लावला होता. देठ बघून तिथल्या तिथे परत करा. बाणवली या उंच जातीत हिरवं आणि तपकिरी दोन्ही देठं चालतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

लावणीचं त्यांचं छापील पत्रक वाचण्यासारखं आहे, फक्त खड्ड्याचं माप सर्वांना एकच दिलंय. साडेसात मीटरवर एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा हे पुळणीच्या (वाळूच्या) आणि गाळाच्या जमिनीला ठीक. जांभ्यात सव्वा मीटरभर खोल जावं लागतं, आणि सहा महिने आधी तळाशी दोनेक किलो जाडं मीठ टाकलं तर कातळ सैल होतो. तळाला सोडणांचे (नारळाच्या सालींचे) दोन थर, पोकळ बाजू वर करून. ओल धरून ठेवतात. मग वरची माती, शेणखत आणि राख मिसळून निम्म्याच्या जरा वर भरायचं आणि मधोमध नारळ जेमतेम झाकेल इतकं रोप बसवायचं. खड्डा काठोकाठ भरायची घाई नको, तो बुंधा वाढेल तसा दरवर्षी भरत न्यायचा.

पत्रकात नसलेली आणि सगळ्यात जास्त रोपं घालवणारी गोष्ट म्हणजे पावसाचा ओहोळ. मिरगाच्या पहिल्या मोठ्या सरीत काठावरची माती खड्ड्यात उतरते, पानांच्या बेचक्यात जाऊन बसते आणि कोंब कुजतो. खड्ड्याभोवती हातभर रुंद बांध घाला आणि प्रत्येक जोरदार पावसानंतर बेचकं बोटाने साफ करा. सखल, पाणी तुंबणाऱ्या जागेत तर ही रोपं जूनमध्ये घेऊच नका. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात मागवा. काठीचा आधार द्या, समुद्राकडच्या वाऱ्याने रोप हललं की फुटलेली नवी मुळं तुटतात. पाऊस संपला की झापांची सावली आणि बेचक्यात वाळू मिसळलेली कडुलिंबाची पेंड. गेंड्या भुंगा कोवळ्या रोपालाही सोडत नाही.

सुपारीत ही सेवा नापास. बारा ते अठरा महिन्यांच्या सुपारीच्या रोपाने बियातली शिदोरी कधीच संपवलेली असते, ते पूर्ण मुळांवर जगत असतं. त्याला मातीच्या गड्ड्यासकट काढायचं, हीच रीत. यांनी मुळं झटकून, पंचवीस-पंचवीसची जुडी बांधून दिली, तीही प्लास्टिकमध्ये. मेच्या उकाड्यात बंद प्लास्टिक आतून घामेजतं, मुळं तपकिरी पडतात आणि जुडी सोडताच आंबूस वास येतो. ओलं गोणपाट आणि काथ्याचा भुसा यांच्याकडे असतोच, नारळाला वापरतात, मग सुपारीनेच काय घोडं मारलंय कळत नाही. वर उंच, सडपातळ रोपं निवडलेली. सुपारीत बुटकं, जास्त पानांचं रोप चांगलं. श्रीवर्धनी सुपारी लावायची असेल तर पिशवीतलं रोप जवळच्या रोपवाटिकेतून घ्या आणि पावणेतीन मीटरवर लावा. आधी केळीची सावली तयार ठेवा, नाहीतर नैऋत्येच्या उन्हाने खोड भाजतं.

केळीचे मुनवे ठीकठाक. तलवारीसारख्या अरुंद पानांचे, अर्धा-पाऊण किलोचे निवडा. रुंद पानांचे पाणमुनवे दिसायला दांडगे, पण कंद पोकळ. मुळं छाटून कंद पांढरा दिसेपर्यंत तासा. काळी भोकं किंवा बोगदे दिसले तर तो मुनवा बागेत नेऊच नका, कंदातला सोंड्या भुंगा सगळ्या वाफ्यात पसरतो.

सागाच्या जड्यांना तक्रार नाही. अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर मूळ, वर दोन-तीन सेंटिमीटर खोड. पहारीने भोक पाडून गळा (मूळ आणि खोड जुळतात ती जागा) जमिनीबरोबर ठेवा आणि बाजूने पहार मारून माती घट्ट दाबा, आत हवा राहिली की जडी वाळते.

काजू आणि आंब्याची कलमं मोकळ्या मुळांची? त्यांच्या यादीत आहेत, तुमच्या यादीत नकोत. काजूची मुळं फार नाजूक, आंब्याचं सोटमूळ तुटलं की कलम वर्षभर जागचं हलत नाही. कोयकलम पिशवीतलंच घ्यायचं. यादीतल्या सफरचंदापाशी तर थांबूही नका, लागणारी थंडी रत्नागिरीत पडत नाही.

शेवटी हमीचं. पंधरा दिवसांत मेलं तर बदलून, असं पावतीवर छापलंय. नारळाला या हमीचा उपयोग नाही, कारण सांधा सुटलेलं रोपही शिदोरीवर दोन महिने हिरवं राहतं. लावल्या दिवशी सुईवर, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या कोवळ्या पानावर, आणि शेजारच्या पानाच्या देठावर एकाच रेषेत रंगाची खूण करा. महिन्याने सुईवरची खूण वर सरकलेली नसेल तर ते रोप गेलं म्हणून समजा, आणि हमी गणपतीपर्यंत लिहून घेतल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. मागितलं तर लिहून देतात.