दोघांनी वापरायचा ब्रश कटर

बांधावरचं गवत काढणं आधी एकट्या ह्यांच्याकडे होतं. जुनं टू-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेलं गवत कापायचं मशीन, माझ्याने सुरूच व्हायचं नाही, शिवाय दर वेळी पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळायचं. दोन पावसाळ्यांपूर्वी ३५ सीसीचं फोर-स्ट्रोक घेतलं. यात ऑइल वेगळं भरतात आणि सुरू करायची दोरी मला सहज ओढता येते. आता गवत मी कापते, हे गोळा करतात. तेही निदान १५ मीटर लांब थांबून, कारण पात्याखालचा खडा कुठेही उडतो. चष्मा आणि बूट घातल्याशिवाय आम्ही दोघंही मशीन उचलत नाही.

कोवळ्या गवताला पात्याच्या जागी फिरणारी नायलॉन दोरी पुरते, झुडपांना तीन दातांचं पातं लागतं. उजवीकडून डावीकडे कापत गेलं की गवत ओळीत पडतं. गोळा करणाऱ्याची कंबर वाचते, हे मला ह्यांनीच सांगितलं!

तक्रार आहे ती मशीन खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची. बकलं इतकी घट्ट, की उंचीप्रमाणे लांबी बदलता बदलता बोटं दुखतात. आम्ही शेवटी माझ्या मापाचा दुसरा पट्टा घेतला. दोघं वापरणार असाल तर तो मशीनबरोबरच घ्या.