दारूच्या विड्रॉलवरचं डॉक्टरांसाठीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग कसं वाटलं

जायचं कारण एक पेशंट. फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालेलं, तिसऱ्या रात्री बडबड सुरू, अंगावर किडे चढतायत म्हणून चादर झटकतोय, घामाने चिंब, आणि आम्ही इन्फेक्शन असेल, पेनकिलरचा परिणाम असेल असं म्हणत सकाळ केली. मग बायकोला विचारलं तर म्हणाली रोज पितात. म्हणजे हा विड्रॉल होता, रोजची दारू अचानक बंद झाल्यावर होणारा त्रास. ॲडमिट करताना कोणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

म्हणून पहिलं सेशन मला सगळ्यात जास्त आवडलं. औषधाचं नावच नाही, फक्त विचारायचं कसं. "पिता का?" विचारलं की माणूस नाही म्हणतो, त्यापेक्षा शेवटची कधी घेतली, रोज किती होते, आधी बंद केली तेव्हा फिट आली होती का, असं सरळ विचारायचं. शेवटची वेळ कळली की पुढचं घड्याळ कळतं: थरथर, घाम, मळमळ 6 ते 24 तासांत, फिट बहुतेक पहिल्या 48 तासांत, आणि डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भान जाणं, भास होणं, अंग थरथरणं असा विड्रॉलचा सगळ्यात गंभीर प्रकार, साधारण 48 ते 96 तासांत. माझ्या पेशंटची तिसरी रात्र बरोब्बर त्यातच बसत होती, तिथे बसल्या बसल्या पोटात गोळा आला.

विड्रॉल किती जोरात आहे ते मार्क देऊन मोजायच्या सीवा स्केलची प्रॅक्टिस पण छान घेतली, 10 मुद्दे, जास्तीत जास्त 67 मार्क. एकाच पेशंटला मी 9 दिले आणि शेजारच्याने 17, मग हात पुढे करायला लावून कंप कसा बघायचा ते परत शिकवलं. पण ज्याला भानच नाही त्याला प्रश्न विचारून मार्क कसे देणार, यावर एकच स्लाईड! माझा पेशंट तसाच होता. विड्रॉल शांत करायला देतात त्या औषधांपैकी, लिव्हर खराब असेल तर डायझेपामऐवजी लोराझेपाम का, तेही जेवायच्या आधी घाईत उरकलं.

थायमिनवर, म्हणजे व्हिटॅमिन बी1 वर, मात्र मनापासून वेळ दिला. नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं आणि थायमिन राहून गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, पण शुगर खाली असेल तर ग्लुकोज अडवायचं नाही, दोन्ही सोबत द्यायचं. आणि डोळ्यांची हालचाल बिघडणं, चाल बिघडणं, गोंधळ ही या इजेची तिन्ही लक्षणं एकत्र दिसायची वाट बघायची नाही, बऱ्याच जणांत ती एकत्र दिसतच नाहीत.

ट्रेनिंग कराच. माझी खरी तक्रार एकच, प्रवेश फक्त डॉक्टरांना. रात्री दर तासा-दोन तासाला मार्क देणार सिस्टर, त्या रात्री चादर झटकतोय हे पहिल्यांदा बघितलं पण सिस्टरनीच, आणि त्यांनाच बोलावलं नव्हतं.