पाटी बदलली; गूगलवर जुनीच नोंद सुधारायची की नवी काढायची?

"दादा, बोर्ड तुम्ही शुक्रवारी लावाल, पण गूगलवरच्या नावाचं काय? ते बदललं तर सगळे स्टार जातील काय?" दुकानाचं नाव बदलणाऱ्या एका काकांनी मला विचारलं.

सांगलीत माझं बोर्ड बनवायचं दुकान आहे. वडील ब्रशनं पाट्या रंगवायचे, मी एसीपी शीट (ॲल्युमिनियमचे पत्रे) आणि एलईडीची अक्षरं बसवतो. वडिलांच्या काळी पाटी चढली की नाव बदललं, विषय संपला. आता दारावर नवं नाव आणि मोबाइलवर जुनं असलं की गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून फोन करतं, "तुमचं दुकान नेमकं कुठं आहे?" म्हणून बोर्डाबरोबर हे कामही मी शिकलो. पुष्कळ दुकानदारांना यात मदत केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, आणि नाव बदलायच्या विचारात असलेल्यांसाठी ते इथं सविस्तर मांडतोय.

तुमच्यापुढं तीन वाटा असतात. आहे त्याच प्रोफाइलमध्ये, म्हणजे गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीत, नाव सुधारायचं, जुनं प्रोफाइल 'कायमचे बंद' करून नवं काढायचं, किंवा बोर्ड बदलून गूगलवर जुनंच नाव राहू द्यायचं. कुठली वाट धरायची ते एका प्रश्नावर ठरतं: तुमचा धंदा बदललाय, की फक्त त्याचं नाव?

नावच बदललंय, तर जुनीच नोंद सुधारा

जागा तीच, मालक किंवा घरातली माणसं तीच, माल तोच. वडिलांच्या नावानं चालणारं भडंगचं दुकान मुलानं हाती घेतलं आणि सुटसुटीत नाव ठेवलं. अशा वेळी नवं प्रोफाइल काढणं म्हणजे वर्षानुवर्षांची कमाई स्वतःच्या हातानं टाकून देणं. ज्या जीमेलवर प्रोफाइल आहे त्यानं लॉगिन करायचं, गूगलवर आपल्याच दुकानाचं नाव शोधायचं, माहिती संपादित करायच्या पर्यायात जाऊन नाव बदलायचं आणि जतन करायचं. जुने रिव्ह्यू, फोटो, लोकांनी सेव्ह केलेलं लोकेशन आणि काउंटरवर चिकटवलेला रिव्ह्यूचा क्यूआर कोड हे सगळं त्याच नोंदीशी जोडलेलं राहतं. गूगल याचा एक रुपयाही घेत नाही. "गूगलमधून बोलतोय, नाव बदलायची फी भरा" असा फोन आला तर तो सरळ कट करा.

बदल बऱ्याचदा दहा मिनिटांत दिसतो, पण तपासणीत अडकला तर ३० दिवसांपर्यंतही जाऊ शकतात. दिवाळीच्या तोंडावर नाव बदलू नका असं मी सांगतो ते याचसाठी.

खरी धाकधूक पुढंच असते. नाव बदलल्यावर गूगल कधीकधी पुन्हा पडताळणी मागतं, आणि हल्ली ती बहुतेक व्हिडिओनं होते. हा व्हिडिओ कापाकापी न करता, सलग घ्यावा लागतो आणि निदान ३० सेकंदांचा असावा लागतो. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: दुकान कुठं आहे, तिथं खरंच धंदा चालतो का, आणि तो तुमच्याच ताब्यात आहे का. मी दुकानदाराला रस्त्याच्या पलीकडं उभं करतो. शेजारची दुकानं आणि चौक दाखवत तो चालत येतो, बोर्डावर थोडा थांबतो, मग स्वतःच्या किल्लीनं शटर उघडून गल्ल्यापर्यंत आणि आतल्या मालापर्यंत जातो. तोंड दाखवायची गरज नाही. पण बोर्डावर नवं नाव नसेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. म्हणून आधी बोर्ड, मग गूगल. माझा बोर्डाचा धंदा आहे म्हणून हे सांगत नाही. बोर्डावर, बिलावर आणि बाकी व्यवहारात जे नाव वापरता तेच प्रोफाइलवर असावं, हा गूगलचाच नियम आहे.

धंदाच बदललाय, तर नवी नोंद

ज्यूस सेंटर विकलं गेलं आणि घेणाऱ्यानं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. इथं जुन्या प्रोफाइलचं नाव बदलून वापरणं चूक आहे. मोसंबीच्या रसाचं कौतुक मोबाइलवाल्याच्या खाती कशाला? जुन्या मालकानं त्याची नोंद 'कायमची बंद' करावी, नव्यानं आपली काढावी.

मात्र या वाटेची किंमत नीट समजून घ्या. बंद केलेल्या नोंदीवरचे रिव्ह्यू तिथंच राहतात, वेगळ्या नावाच्या नव्या दुकानाकडं येत नाहीत. जुन्या नावानं शोधणाऱ्याला लाल अक्षरांत 'कायमचे बंद' दिसतं आणि तो दुसरीकडं वळतो. नव्या नोंदीला पडताळणीपासून सगळं पुन्हा करावं लागतं. जुनी बंद न करताच नवी काढली तर एकाच पत्त्यावर, एकाच फोन नंबरच्या दोन नोंदी होतात. गूगल त्यांना दुबार धरतं आणि नवीच अडकून पडते. प्रोफाइल खात्यातून 'काढून टाकलं' की मॅपवरूनही गेलं, असाही एक गैरसमज आहे. तसं होत नाही. तुमचा ताबा सुटतो आणि नोंद मॅपवर बेवारस राहते.

काही जण वाईट रिव्ह्यू धुऊन काढायला नवी नोंद मागतात. मी ते काम घेत नाही. मालक तोच, माल तोच, तर जुन्या तक्रारींना सभ्य उत्तरं लिहा. नवं गिऱ्हाईक एक स्टारपेक्षा त्याखालचं तुमचं उत्तर जास्त बारकाईनं वाचतं, हे मी काउंटरवर उभं राहून पाहिलंय.

मालक बदलला पण नाव, काम आणि जागा तीच राहिली, तर नवी नोंद नकोच. जुन्या मालकानं प्रोफाइलची मालकी नव्याच्या जीमेलवर द्यावी. दुकानाच्या करारातच हे लिहून घ्या. डिपॉझिट आणि फर्निचर लिहितात, हे मात्र विसरतात. नव्यानं जोडलेल्या मालकाला पहिले सात दिवस काही मोठे बदल करता येत नाहीत, तेवढा वेळ हातात ठेवा.

वाटणी आणि पूर

आपल्याकडची दोन प्रकरणं या सरळ वाटांत बसत नाहीत.

पहिलं म्हणजे भावाभावांची वाटणी. एकाच गाळ्यात मधे भिंत पडते, दोन शटर होतात, आणि मग जुनं नाव आणि जुने रिव्ह्यू कुणाचे यावर घरात बोलणं बंद होतं. इथं गूगलच्या नियमापेक्षा घरातला निर्णय आधी लागतो. जो जुना धंदा पुढं चालवतोय त्याच्याकडं जुनी नोंद राहावी, नाव बदलायचं असेल तर तिच्यातच बदलावं. दुसऱ्यानं वेगळं नाव, वेगळा बोर्ड आणि वेगळा फोन नंबर घेऊन नवी नोंद काढावी. पत्ता एकच असला तरी धंदे खरोखर वेगळे असतील तर दोन नोंदी चालतात. मात्र दोघांनी जुन्याच नावापुढं 'ओरिजनल' आणि 'जुने व प्रसिद्ध' असं लावून भांडण मॅपवर नेलं, तर दोघांच्याही नोंदी धोक्यात येतात. एका घरात मी दोन्ही वहिनींना समोर बसवून नावं ठरवली. भाऊ एकमेकांकडं बघत नव्हते, पण दोन्ही बोर्ड एकाच दिवशी लागले.

दुसरं म्हणजे पुरानंतरचं स्थलांतर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठांत शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. त्यानंतर नदीकाठच्या भागातून काहींनी विश्रामबागच्या बाजूला दुकान हलवलं, आणि जागेबरोबर नावही बदलावं असं काहींना वाटलं. दुकान हलवल्यावर जुनी नोंद बंद करायची नाही, तिच्यातच पत्ता बदलायचा. पण पत्ता आणि नाव एकाच दिवशी बदलू नका. गूगलला हे दुकान वेगळंच वाटतं आणि पडताळणीचा फेरा मागं लागतो. माझ्या अनुभवात आधी पत्ता, तो स्थिरावला की काही आठवड्यांनी नाव, हे सुरळीत होतं. पूर आला म्हणून दुकान पंधरा दिवस बंद असेल तर 'तात्पुरते बंद' निवडा. त्या घाईत एकानं 'कायमचे बंद' दाबलं होतं आणि गाळ काढून दुकान उघडलं तरी गिऱ्हाईक येईना.

जुनंच राहू द्यायचं

कागदपत्रं होईपर्यंत दोन-तीन आठवडे, एवढ्यापुरतंच. मॅपवर कुणीही बदल सुचवू शकतं. तुम्ही नाव बदललं नाही तर एखादं गिऱ्हाईक बोर्ड बघून त्याला सुचेल त्या स्पेलिंगनं सुचवेल, आणि तेच लागू झालं तर तुम्हाला उशिरा कळेल.

"नावात थोडं वाढवून टाका की"

हा आग्रह मला रोज होतो. नावापुढं 'बेस्ट', त्यापुढं 'इन सांगली मिरज', त्यापुढं सगळ्या सेवा. मिरजेत दवाखान्यांची दाटी आहे, त्यामुळं तिथले डॉक्टर हे हमखास विचारतात, कारण वर दिसणाऱ्या एखाद्यानं तसं केलेलं असतं. आणि नावातल्या शब्दांचा शोधात फायदा होतो हेही खरं आहे. पण ते नियमाविरुद्ध आहे. नावात गावाचं नाव, जाहिरातीची ओळ, फोन नंबर घालता येत नाही. ते तुमच्या खऱ्या नावाचाच भाग असेल तरच चालतं. पकडलं गेलं तर नोंद निलंबित होते आणि दवाखाना मॅपवरून दिसेनासा होतो. मग अपील करावं लागतं. त्यात पुराव्यांचा फॉर्म उघडल्यावर कागद जोडायला फक्त ६० मिनिटं मिळतात, आणि ज्यांची शॉप ॲक्टची पावती कपाटात कुठं आहे हेच माहीत नाही त्यांची त्या तासात तारांबळ उडते.

ते शब्द कॅटेगरीत, सेवांच्या यादीत आणि वर्णनात घाला. वर्णनाला ७५० अक्षरांची जागा आहे. 'पूर्वीचे नाव अमुक' हेही तिथंच लिहा, नावाच्या रकान्यात नको. शेजारचा नियम मोडतोय असं वाटत असेल तर त्याच्या नोंदीवर बदल सुचवता येतो. त्याचं बघून आपण मोडायचा नाही.

मराठीत की इंग्रजीत

आपल्याकडं बोर्डावर मराठी देवनागरीत नाव असणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते इतर भाषेपेक्षा लहान अक्षरांत चालत नाही. मग गूगलवर कुठलं?

२०२१ पासून गूगल मॅप रोमन अक्षरांतली नावं मराठीसह दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतर करून दाखवतं. अडचण तिथंच आहे. रोमन लिपीत ड आणि द एकच, ल आणि ळ एकच. त्यामुळं 'भडंग'चं 'भदंग' आणि 'काळे'चं 'काले' व्हायची शक्यता राहते. पिढ्यान्पिढ्या ज्या पदार्थावर पोट भरलं त्याचंच नाव चुकीचं दिसलं की जिवाला लागतं. पुष्कळ गिऱ्हाईक रोमन अक्षरांतच टाइप करतं हेही तितकंच खरं.

माझा सल्ला असा: नव्या नावात ळ, ण, ड असेल आणि गिऱ्हाईक बहुतेक गावातलं असेल, तर प्रोफाइलवर देवनागरीत नाव ठेवा. बाहेरगावचं, मार्केट यार्डात हळदीच्या व्यवहाराला येणारं गिऱ्हाईक जास्त असेल तर रोमनमध्ये ठेवा, आणि बदल लागू झाल्यावर फोनची भाषा मराठी करून ते कसं दिसतं ते तपासा. दोन्ही लिप्या एकाच रकान्यात कोंबू नका.

क्रम

आधी जीमेल शोधा. निम्म्या लोकांचं प्रोफाइल भाच्याच्या किंवा कधीच्या काळी कामाला असलेल्या पोराच्या खात्यावर निघतं. तो माणूस सापडत नसेल तर मालकीची विनंती पाठवता येते, आणि समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. मग बोर्ड आणि बिलबुक. मग जीएसटीतलं व्यापारी नाव. बदल झाल्यापासून १५ दिवसांत अर्ज करायचा असतो. खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवाना. उद्यम नोंदणीतला (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) बदल ऑनलाइन आणि मोफत होतो. मग जस्टडायल, फेसबुक. गूगल सगळ्यात शेवटी, कारण तोपर्यंत सगळीकडं एकच नाव झालेलं असतं आणि विचारलं तर दाखवायला कागद हाताशी असतात.

सुरुवातीला विचारणाऱ्या त्या काकांचं काम या क्रमानंच केलं. जुनी नोंद, नवं नाव, देवनागरीत. पडताळणीचा व्हिडिओ मागितला गेला, तो त्यांच्या नातीनं घेतला. पाचव्या दिवशी सकाळी काकांनी दुकान उघडायच्या आधीच मला फोन केला आणि प्रोफाइलवरचा सगळ्यात जुना रिव्ह्यू वाचून दाखवला. तो त्यांच्या वडिलांच्या हातच्या भडंगबद्दल होता.