घरभेट की मेळावा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या वहिनी ग्रामपंचायतीवर निवडून आल्यात. कुटुंबनियोजनाच्या जागृतीसाठी मेळावा भरवावा की आशाताईंच्या घरभेटींवर जोर द्यावा, हा त्यांचा घोळ.

खर्च म्हणाल तर मेळाव्यात मांडव, स्पीकर, चहा आलं. पण एका दुपारी शंभर जणी भेटतात. घरभेटीला मांडव नको, आशाताईंचे पाय मात्र झिजतात. वाड्या लांब, वर पाऊस.

वेळेचं गणित वेगळंच. 11 जुलै, जागतिक लोकसंख्या दिन, नेमका रोप लावणीत येतो. बायका चिखलात असताना मांडवात बसणार कोण? सासवा!

खरी मेख पुढेच आहे. ‘अंतरा’चं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, ‘छाया’ची गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. ‘अंतरा’नं पाळी पुढंमागं झाली की बाई घाबरून सोडून देते. स्पीकर तेव्हा कुठं असतो? आशाताई चुलीपाशी बसून, कन्नड पत्रक बाजूला ठेवून, मराठीत समजावते. तरी सासू कान देऊन असतेच, म्हणून काही जणी पाणवठ्यावरच विचारतात.

पुरुष मात्र घरभेटीत सापडत नाहीत. नसबंदीची बिनटाक्याची पद्धत त्यांना सांगायची तर दूध डेअरीपाशी, संध्याकाळीच.

नवी पद्धत गावाला ठाऊक करायची किंवा पुरुष गाठायचे, तर मेळावा, सुगी संपल्यावर. सुरू केलेलं टिकवायचं, नवी सून किंवा बाळंतीण असेल, तर घरभेट. वहिनींच्या गावात गोळ्या मध्येच सुटतात, म्हणून मी पैसे घरभेटीकडेच वळवीन.