गांडुळं फ्रिजमध्ये की माठात?

गळ टाकणाऱ्याच्या घरात गांडुळांवरून एकदा तरी भांडण होतंच. आमच्याकडे ते फ्रिजवरून झालं. गांडुळं फ्रिजमध्ये नकोत, हे आईचं म्हणणं. पुढे तिचंच बरोबर निघालं, फक्त तिची कारणं वेगळी होती आणि माझी वेगळी.

रविवारी पहाटे कृष्णेवर जायचं म्हणून शनिवारी संध्याकाळी उकिरडा उकरत बसायचा कंटाळा आला, की आठ-दहा दिवसांची बेगमी घरात लागतेच. मी दोन्ही प्रकार करून बघितलेत.

फ्रिजचं काम सुटसुटीत. झाकणाला भोकं पाडलेला डबा, त्यात ओलसर माती, आणि डबा खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये. गारव्यात गांडूळ सुस्तावतं, खात नाही, त्यामुळे घाणही कमी. गॅलरी नसेल किंवा दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असेल, तर मी फ्रिजला नाव ठेवणार नाही.

फक्त आत काय ठेवताय ते बघा. खतवाल्याकडची लांब, जांभळट, चकाकणारी गांडुळं बहुतेक वेळा युड्रिलस युजेनी असतात. ती मूळची पश्चिम आफ्रिकेतली, गारठा त्यांना सोसत नाही. परदेशी व्हिडिओत फ्रिज चालतो, कारण त्यांची गांडुळं थंड मुलखातली. मी पाव किलो ठेवली होती. तिसऱ्या दिवशी डब्यात काळा चिखल, आणि वास असा की शेजारची कोथिंबीरही टाकावी लागली. बारीक, लाल, पिवळसर पट्ट्यांची आयसेनिया फेटिडा मात्र फ्रिजात टिकते. गळाला लावताना ती पिवळा द्रव सोडते आणि बोटांचा वास दुपारपर्यंत जात नाही, पण चिलापीला त्याचं काही वाटत नसावं.

एवढं मी चालवून घेतलं असतं. फ्रिज सोडला तो दुसऱ्याच वैतागाने. पाचला डबा घेऊन निघायचं, झुंजुमुंजू होताना काठावर पोचायचं आणि गळाला लावायला जावं तर गांडूळ सुतळीच्या तुकड्यासारखं लोंबतंय. वळवळ नाही. तळहातावर घेऊन फुंकर मारत बसायचं. उन्हं वर येऊन ते जागं होईतो मासा लागायची वेळ सरलेली. आदल्या रात्री डबा बाहेर काढून ठेवला की झालं, हे मलाही कळतं. पण दीड वर्षात ते मला दोनदा आठवलं.

माठाला ही आठवण ठेवावी लागत नाही. तडा गेलेला, पाणी ठेवायला बाद झालेला जुना माठ घ्या, पण रंगवलेला नको. रंगाने माठ पाझरत नाही आणि पाझरला नाही तर गार राहत नाही. माठात निम्म्यापर्यंत भरायचं ते भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), फाडलेला कागद आणि पंधरा दिवस तरी जुनं शेण. ताजं शेण तापतं, त्यात गांडुळं शिजतातच म्हणा ना. मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडला तर ओल बरोबर. वर ओलं तरट. एप्रिलमध्ये सांगलीचं ऊन चाळिशीला टेकलं तरी आत हात घातला की गार लागायचं. थर्मामीटर काही मी लावला नाही. तरट मात्र दिवसातून दोनदा भिजवत होतो.

माठाचा शत्रू म्हणजे मुंग्या. माठ विटेवर, वीट पाण्याच्या परातीत. ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर गांडुळांबरोबर डासही पाळाल.

तुमचं वेळापत्रक वेगळं असेल, रात्री आठवणीने डबा काढणारे लोकही असतात. पण महिन्यातून तीन-चारदा नदीवर जाणार असाल तर मी माठाकडेच बोट दाखवीन. वाम असो की शिंगाळा, हलणारं गांडूळ त्यांना लवकर सापडतं, असा माझा अनुभव.

एक राहिलंच. नवी गांडुळं पहिल्या रात्री पळ काढतात. त्यांना उजेड नको असतो, म्हणून त्या रात्री माठावरचा दिवा चालू ठेवा. मी ठेवला नव्हता. सकाळी गॅलरीच्या दारापाशी अकरा वाळून पडलेली आणि दोन चपलेत. चप्पल आईची होती.