जेपीए की डीसी जंक्शन: प्रोजेक्टसाठी काय घ्यावं?

२०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस यांच्या जोसेफसन सर्किटवरच्या (दोन अतिवाहकांमध्ये पातळ अडथळा असलेल्या सर्किटवरच्या) कामाला मिळालं, तेव्हापासून नागपुरातल्या एमएस्सीच्या पोरांचा एकच प्रश्न असतो: सर, हाताशी फक्त लॅपटॉप आणि क्यूटिप (क्वांटम सिम्युलेशनची पायथन लायब्ररी) आहे, तर नॉन-क्लासिकल (क्वांटम गुण दाखवणाऱ्या) मायक्रोवेव्हचं सिम्युलेशन कोणत्या सर्किटवर करू?

पंपावर (बाहेरून दिलेल्या मायक्रोवेव्हवर) चालणारा जेपीए, म्हणजे जोसेफसन पॅरामेट्रिक अ‍ॅम्प्लिफायर, ही रुळलेली वाट. हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं सूत्र) एका ओळीत मावतो, स्क्वीझिंग (लहरीच्या एका घटकातला क्वांटम नॉइज दाबला जाणं) लगेच दिसतं, गाइडलाही पटवावं लागत नाही. (पोकळीच्या, म्हणजे रेझोनेटरच्या, आत स्क्वीझिंग ३ डेसिबलच्या पुढे जात नाही, म्हणून घाबरू नका, बाहेर पडणाऱ्या लहरींचा स्पेक्ट्रम काढा.)

मला वैताग आणला तो कटऑफनं, म्हणजे सिम्युलेशनमध्ये फोटॉनसंख्येच्या किती पातळ्या धरायच्या त्या मर्यादेनं. पंप उंबरठ्याच्या (ज्यापुढे सर्किट आपोआप दोलायला लागतं) ९५ टक्क्यांवर नेला की पोकळीत सरासरी साडेचार फोटॉन असतात. वाटतं, पंचवीस पातळ्या रग्गड झाल्या. पण फोटॉनसंख्येच्या वितरणाची शेपटी चाळिसाच्याही पुढे रेंगाळते. कटऑफ अपुरा असला तरी क्यूटिप तक्रार करत नाही. चुकीच्या आकड्यांचा छान गुळगुळीत आलेख काढून देतं. म्हणून पंप थोडा वाढवला की कटऑफ वाढवून पुन्हा तपासा. ८० पातळ्यांना लिउव्हिलियन (अवस्था काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारा मॅट्रिक्स) होतो ६४०० बाय ६४००. अख्खा साठवला तर साडेसहाशे एमबी. मे महिन्यात कूलरसमोर ठेवूनही माझा लॅपटॉप नुसता तापायचा.

डीसी जंक्शनला, म्हणजे स्थिर व्होल्टेजवर चालणाऱ्या जोसेफसन जंक्शनला, मायक्रोवेव्ह पंपच लागत नाही. सुमारे १०.३ मायक्रोव्होल्ट दिले की जंक्शन ओलांडणारी कूपर जोडी (अतिवाहकातली इलेक्ट्रॉनांची जोडी) ५ गिगाहर्ट्झचा एक फोटॉन सोडते. लागेर बहुपदींचे मॅट्रिक्स घटक (एका पातळीवरून दुसरीवर जाण्याची ताकद सांगणारे) स्वतः लिहावे लागतात, त्यात एखादी दुपार जाते. पण जंक्शनला जोडलेल्या रेझोनेटरचा इम्पिडन्स ४.१ किलोओम धरला की एका फोटॉनवरून दोनावर नेणारा घटकच शून्य होतो. दुसरा फोटॉन आत शिरतच नाही. दहा पातळ्यांत काम भागतं, रन डोळ्यांदेखत संपतो. पडताळ्यालाही आधार आहे: फ्रान्समधल्या साक्लेच्या गटानं २०१९ मध्ये साधारण २ किलोओमवर जी-टू (दोन फोटॉन एकाच वेळी सापडण्याचं प्रमाण, १च्या खाली म्हणजे नॉन-क्लासिकल) ०.३पर्यंत खाली आणला होता. तुमचा कोड तिथवर पोहोचतो का, ते आधी बघा.

आता, विषयच स्क्वीझिंगचा असेल तर माझं ऐकू नका. डीसीत बायसच्या नॉइजनं फेज भटकते. तिथे जेपीएच बरा. कॉलेजचा सर्व्हर मिळत असेल तर कटऑफचं रडगाणंही फारसं उरत नाही. पण आठ जीबीचा लॅपटॉप आणि उन्हाळ्यातलं सबमिशन असेल, तर मी आपला डीसीच सुचवेन.